वेताळाच्या पहाऱ्यावरची माणसं

कॉमिक्सवर लिहायचं म्हटलं की आपले कार्यकर्ते नाक मुरडतात. पोरांचा खेळ म्हणतात. अत्याचारावर लिही, आरक्षणावर लिही, हे काय घेतलंस? मी म्हणतो, पोरांचा खेळ आहे म्हणूनच लिहायला हवं. रामायण-महाभारत आपल्याला कुणी समोर बसवून शिकवलं नाही. कॅलेंडरातून, सोंगातून, टीव्हीतून ते डोक्यात शिरलं. सहाव्या वर्षी जे चित्र आत बसतं ते पंचविसाव्या वर्षी उपटायला गेलं तर रक्त निघतं. तेव्हा चित्राला कमी लेखू नका दोस्तहो.

मुरबाडला एका रद्दीवाल्याकडे एक बांधीव गठ्ठा मिळाला. इंद्रजाल कॉमिक्सचे मराठी अंक, एकावर एक ठेवून शिवलेले, वर जाड पुठ्ठा. भाड्याने पुस्तकं देणारे लोक पूर्वी असे अंक बांधून ठेवायचे, म्हणजे पानं टिकायची. आतल्या बहुतेक गोष्टी वेताळाच्या. रद्दीच्या भावात घेतला. मग तो मुरबाड, सरळगाव, किन्हवली, शहापूर असा एसटीने हिंडत राहिला. अट एकच. ज्याने वाचला त्याने मत द्यायचं. लिहिता येत असेल तर वहीत, नसेल तर तोंडी. त्या मतांवर हा लेख आहे. नावं कुणाची देत नाही. मत माणसाचं आहे आणि माणूस आपल्यातला आहे, एवढं पुरे.

वेताळ म्हणजे इंग्रजीतला फँटम. ली फॉक या अमेरिकन लेखकाने १९३६ साली तो वर्तमानपत्रातल्या चित्रपट्टीत आणला. आपल्याकडे टाइम्स ऑफ इंडियाच्या मालकांनी मार्च १९६४ मध्ये इंद्रजाल कॉमिक्स सुरू केलं. पहिलाच अंक त्याच्या गोष्टीचा. १९९० मध्ये बंद पडेपर्यंत इंद्रजालचे आठशेवर अंक निघाले. मराठीत त्याचं नाव वेताळ ठेवलं. ठेवणाऱ्याला दाद द्यायला हवी. वेताळ आपल्याला परका नाही. शिवेवरचा शेंदूर फासलेला धोंडा. भुतांचा राजा. गावाने त्याची जागा आणि आपल्या आज्याची जागा एकाच बाजूला ठेवलेली, कुसाबाहेर. नाव कुसाबाहेरचं घेतलं, पण त्या नावाच्या आत बसवला तो गोरा माणूस.

गोष्ट थोडक्यात अशी. चारशे वर्षांपूर्वी चाच्यांनी एक जहाज लुटलं. त्यातला एक गोरा जिवंत किनाऱ्याला लागला. जंगलातल्या बुटक्या काळ्या माणसांनी त्याला उचललं, जगवलं. ही माणसं दुसऱ्या एका जमातीची गुलाम होती. गोऱ्याने त्यांना सोडवलं. बापाच्या खुन्याची कवटी हातात घेऊन त्याने शपथ घेतली, की अन्यायाशी लढीन आणि माझ्यामागे माझी मुलं लढतील. तेव्हापासून कवटीच्या गुहेत बाप गेला की मुलगा बसतो. जगाला वाटतं एकच माणूस आहे, मरतच नाही. गोष्टीतला वेताळ हा एकविसावा. आणि गुहेभोवती विषारी बाण घेऊन पहारा कोण देतं? तीच बुटकी माणसं.

मूळ देशाचं नाव बेंगाला होतं. ते बंगालसारखं वाटतं म्हणून इंद्रजालवाल्यांनी डेंकाली केलं. चाच्यांची टोळी सिंग नावाची होती. सिंग हे आपल्याकडचं नाव, म्हणून तिचं सिंगा केलं. म्हणजे कुणाचं मन दुखेल याचा विचार करणारी माणसं कचेरीत होती. बुटक्यांच्या जमातीचं नाव मात्र बांदर. इंग्रजी अंकांत ते तसंच राहिलं. हिंदीत त्या शब्दाचा अर्थ काय ते तुम्हाला सांगायला नको. त्याने कुणाचं मन दुखेल असं कुणाला वाटलेलं दिसत नाही.

आता मतं.

आसनगावकडच्या एका गोदामात माल चढवणारा एकोणीस वर्षांचा पोरगा म्हणाला, "दादा, आपल्याला तर लय आवडला. एक ठोसा, की जबड्यावर कवटी उमटते. जन्मभर जात नाय. आमच्या सुपरवायझरच्या जबड्यावर तसली एक पायजे." सगळे हसले. पण या मताला हसण्यावारी नेऊ नका. दिवसभर शिवी खाल्लेल्या माणसाला रात्री पानभर तरी ठोसा लागतो. सुपरमॅन काढला तो क्लीव्हलंडच्या जेरी सीगल आणि जो शूस्टर या दोन ज्यू पोरांनी. स्थलांतरितांच्या घरातली पोरं. १९३८ साली तो छापून आला तेव्हा तिकडे जर्मनीत हिटलर ज्यूंच्या मानेवर बसलेला होता. अशा वेळी त्या पोरांना गोळी न लागणारा माणूस सुचला. आणि त्या माणसाचे सगळे हक्क कंपनीने त्यांच्याकडून १३० डॉलरला घेतले. स्वप्न बघणारा गरीब, स्वप्न विकणारा मालक. तेव्हा ठोसा आवडला म्हणून कुणाला कमी समजायचं कारण नाही. प्रश्न पुढचा आहे. ठोसा मारणारा हात कुणाचा?

तो प्रश्न डोळखांबकडच्या वाडीतल्या कातकरी पोराने काढला. पावसाळा सरला की घरच्यांबरोबर उचल घेऊन वीटभट्टीवर जाणारा. वाचता येतं, सावकाश. त्याने गठ्ठा पंधरा दिवस ठेवला आणि तोंडी मत दिलं. "ते बानवाले बुटके हायत ना, ते आमी. तो गुरान त्यांचा मुखी, तो बी त्याचाच गडी. चारशे वरसं झाली. बाप आला, पोरगा आला, नातू आला. यांचा पहारा काय सुटला नाय. सोडवला म्हनतात, मंग सुटले कुटं?" थोडा वेळ थांबून म्हणाला, "आनि ते खातात काय? त्यांचं घर कुटल्या पानावर हाय?"

आम्ही पानं चाळली. गुहा होती, सिंहासन होतं, खजिना होता, घोडा होता, लांडगा होता. लांडग्याला नाव होतं. बुटक्यांत एका गुरानला सोडलं तर नावाने ओळखावा असा माणूस सापडला नाही. १९७६ साली या देशात वेठबिगारी बंद करणारा कायदा झाला. कायद्याने सुटलेला माणूस दुसऱ्या वर्षी पुन्हा उचल का घेतो, याचं उत्तर त्या पोराच्या प्रश्नात आहे. सोडवणारा येऊन गेला, पण जमीन दिली नाही, काम दिलं नाही, तर सुटका ही पहाऱ्याचंच दुसरं नाव होते.

मुरबाडला कॉलेजात शिकणाऱ्या एका ताईने वहीत चार पानं लिहून दिली. तिचा मुद्दा सरळ. एकविसावा वेताळ एकविसावा का? कारण त्याचा बाप विसावा होता. परीक्षा नाही, निवड नाही. बुटक्यांत कुणी जास्त शूर असला, जास्त जंगल जाणणारा असला, तरी तो वेताळ होणार नाही. तो पहाऱ्यावरच. जन्माने गुहा, जन्माने पहारा. "याला आपण काय म्हणतो ते मी लिहायची गरज नाही," असं तिने लिहिलंय. पुढे खुणेचं. वेताळाच्या दोन अंगठ्या. एकीने दुष्टाच्या जबड्यावर कवटी, दुसरीने मित्राच्या अंगावर संरक्षणाची खूण. ती लिहिते, अंगावर खूण करून माणसं वाटून ठेवायची, ही युक्ती आपल्या लोकांना ऐकून माहीत आहे. खूण चांगली की वाईट हा वाद नंतरचा. शिक्का कुणाच्या हातात आहे ते आधी बघा. आणि डायनाविषयी एकच ओळ. शिकलेली, संयुक्त राष्ट्रसंघात नोकरी करणारी बाई, तरी तिला पळवून न्यायचं आणि याने सोडवायचं, हे किती वेळा?

चौथं मत म्हाताऱ्या बाबांचं. मुंबईच्या गिरणीत रिंगखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा बाहेर पडले ते परत आत गेले नाहीत. किन्हवलीकडे भावकीत राहतात. डोळ्यांना कमी दिसतं, नातवाने वाचून दाखवलं. बाबा म्हणाले, "एकटा मानूस शंभराला मारतो, हे चितारायला सोपं हाय रं पोरा. अडीच लाख मानसं एका दिवशी साचे सोडून भाईर आली. ते कुनी चितारलं?" मी म्हटलं, बाबा, मी चितारतो. तर म्हणाले, "चितार. पन समदं चितार. विनकाम खात्याच्या दाराभाईर हुबा केलेला माझा आजा बी चितार."

तरुण मित्रांसाठी हे उलगडून सांगतो. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्यांना कताईत घेत, विणकामात नाही. विणकामात पगार जास्त. धोट्यात नवी कांडी घातली की धागा तोंडाने ओढावा लागे, आणि अस्पृश्याच्या तोंडचा धोटा बाकीच्यांना चालत नसे. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढे केला, की सगळ्या कामगारांच्या मागण्यांत ही मागणी का नाही? लाल झेंड्याखाली सगळे एक, पण धोट्यापाशी आले की जात जिवंत. म्हणजे झुंडीचं चित्र काढलं म्हणून काम भागत नाही. झुंडीतही बाहेर उभा कोण ते दिसायला पाहिजे. मी स्वतः सूतगिरणीत रिंगवर काम करतो. यंत्रं बदलली, धागा तोंडाने ओढावा लागत नाही. बाबांचं बोलणं ऐकल्यावर त्या रात्रीच्या पाळीत मी कुठलं खातं कुणाचं ते मोजत बसलो होतो.

पाचवं मत शहापूरच्या एका विद्यार्थ्याचं. तो म्हणाला, वेताळ जुना झाला, तुम्ही ब्लॅक पँथर बघा. काळा माणूस, काळ्यांचा देश, गोऱ्याची गरज नाही. त्याने तो सिनेमा, २०१८ चा, हिंदीत तीनदा पाहिलाय. त्याचं म्हणणं खरं आहे, आणि त्यात आपल्या घरची एक गोष्ट गुंतलेली आहे, ती नीट समजून घ्या.

ब्लॅक पँथर हा वीर स्टॅन ली आणि जॅक कर्बी या दोघांनी काढला. १९६६ च्या जुलैच्या अंकात तो पहिल्यांदा आला. त्याच वर्षी ऑक्टोबरात ओकलंडला ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी ब्लॅक पँथर पक्ष काढला. पक्षाने नाव कॉमिकवरून घेतलं नव्हतं. अलाबामातल्या लाउन्डेस काउंटीत मतदानाच्या हक्कासाठी उभ्या राहिलेल्या काळ्या शेतमजुरांच्या संघटनेची निशाणी काळा पँथर होती, तिथून ते आलं. पुढे पक्षाचा दरारा वाढला तेव्हा कॉमिकवाले घाबरले. फेब्रुवारी १९७२ च्या अंकात त्यांनी आपल्या वीराच्या तोंडून वदवलं, की आता मला ब्लॅक लेपर्ड म्हणा, त्या पक्षाशी गल्लत नको. म्हणजे कागदावरचा पँथर खऱ्या पँथरला भ्याला. आणि त्याच १९७२ साली मुंबईत नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार आणि त्यांच्या साथीदारांनी तेच नाव उचलून आपल्या छातीवर लावलं. दलित पँथर. ज्या नावाचं कंपनीला ओझं झालं ते कामाठीपुऱ्यातल्या, वडाळ्यातल्या, बीडीडी चाळीतल्या पोरांनी पेललं.

कंपनीने थोड्याच दिवसांत आपल्या वीराचं जुनं नाव परत दिलं. आता तर त्या नावावर जगभर तिकिटं विकली. पण ताईने त्या विद्यार्थ्याला तिथेच अडवलं. म्हणाली, "अरे, तो पण राजाचा मुलगाच ना?" तो गप्प झाला. मग म्हणाला, "हो. पण ताई, निदान माझ्या रंगाचा आहे." दोन्ही बरोबर आहेत. रंग आपला असणं ही पहिली पायरी. पहिलीच, शेवटची नव्हे.

मला या सगळ्यांपुढे अण्णा भाऊंचा फकिरा ठेवावासा वाटतो. १९५९ ची कादंबरी, बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केलेली. फकिरा भुकेल्यांना वाचवायला बाहेरून आलेला नाही, तो भुकेल्यांतलाच आहे. त्याला मुखवटा नाही. त्याला आई आहे, भावकी आहे, पोट आहे. आणि तो मरतो. मरणारा वीर पोरांच्या हातात द्यायला आपण भितो. पण जो मरतो त्याच्या मागे काम शिल्लक राहतं आणि ते कुणीतरी उचलावं लागतं. न मरणाऱ्या वेताळाच्या मागे कुणाला काही करायचं उरत नाही.

आता मूळ मुद्द्यावर येतो, ज्यासाठी हा खटाटोप केला. गठ्ठा फिरत असतानाच आमच्याकडे १४ एप्रिलच्या फलकाचा विषय निघाला. एका हुशार पोराने मोबाइलवर चित्र करून आणलं. बाबासाहेब, पण धड सुपरमॅनचं. दंड फुगलेले, पाठीवर निळी झूल, छातीवर अशोकचक्र, पायाखाली पळणारी माणसं. पोरं खूष. "आपला सुपरहिरो." आठ-दहा जणांनी लगेच फॉरवर्ड केलं. पोराच्या प्रेमाविषयी शंका नाही. त्याने रात्र जागून काढलं होतं. पण मी विरोध केला आणि अजूनही करतो.

कारण एक. २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बाबासाहेबांनी बजावलं, की धर्मात भक्ती मोक्षाचा मार्ग असेल, पण राजकारणात व्यक्तिपूजा हा अधोगतीचा आणि शेवटी हुकूमशाहीचा मार्ग. हे ज्याने सांगितलं त्यालाच झूल चढवायची?

कारण दोन. सुपरमॅनची ताकद त्याच्या ग्रहातून आली, वेताळाची बापाकडून. बाबासाहेबांची कुठून आली? वर्गाबाहेर गोणपाटावर बसून, दिव्याच्या उजेडात, उपाशीपोटी वाचून. ती ताकद कुणालाही मिळवता येते, हीच तर तिची गंमत आहे. तिला चमत्कार केलं की आपल्या पोराला सुटीच मिळाली. तो म्हणणार, ते बाबासाहेब होते म्हणून जमलं, आपल्याला कसं जमणार?

कारण तीन. महाडचं चित्र डोळ्यांपुढे आणा. बहुतेक फलकांवर बाबासाहेब एकटे, ओंजळीत पाणी. २० मार्च १९२७ ला ते एकटे नव्हते. हजारो माणसं रांगेने तळ्यावर गेली. नंतर मंडपात आणि गावात ज्यांची डोकी फुटली ती याच माणसांची. फलकातून ती पुसली की आपण बाबासाहेबांना वेताळ केलं आणि आपल्या आज्या-पणज्यांना पहाऱ्यावरचे बुटके.

मग काढायचं कसं? त्याचा एक नमुना आहे. २०११ साली नवयान प्रकाशनाने 'भीमायन' काढलं. मजकूर श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचा. चित्रं दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांची. एका आदिवासी जोडप्याने बाबासाहेब काढले. कॉमिकच्या सरळ चौकटी त्यांनी मानल्या नाहीत. त्यांच्या भिंतीवरच्या दिग्ना नक्षीनेच पानं वळणं घेत जातात. मायेचं बोलणं असेल तर त्याचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा, जातीचं विष असेल तर फुग्याला विंचवाची नांगी. पुस्तकाचे भाग तीन. पाणी, निवारा, प्रवास. ठोसा एकही नाही. कातकरी पोराला मी मोबाइलवर त्यातली काही पानं दाखवली. तो विंचवावर बोट ठेवून म्हणाला, "हे बराबर हाय. आमच्या मास्तरच्या बोलन्याला अशीच शेपटी व्हती." वेताळाचा गठ्ठा वाचायला त्याला पंधरा दिवस लागले होते. हे पान एका क्षणात वाचलं.

पाणी हा शब्द निघालाच आहे तर आपल्या तालुक्याचं सांगून थांबतो. तानसा शहापूर तालुक्यात, १८९२ पासून. मोडकसागर आपल्याच तालुक्यात. भातसा आपल्याच तालुक्यात, आणि मुंबईच्या पाण्यात सगळ्यात मोठा वाटा भातसाचा. उन्हाळा आला की याच तालुक्याच्या वाड्यापाड्यांवर बाया हंडे मांडून टँकरची वाट बघतात. टँकर वळणावर दिसला की पोरं ओरडत धावतात, अगदी कॉमिकात वेताळाचा घोडा दिसल्यावर गावकरी धावतात तशी. पाणी आपल्या जमिनीतलं, आणि वाट बघायची बाहेरून येणाऱ्या तारणहाराची. हे शिकवायला इंद्रजालची गरज नाही. इथली सगळी व्यवस्था तेच शिकवते. तारणहार कधी टँकरचा, कधी उमेदवार, कधी बुवा. आणि आपण सावध राहिलो नाही तर कधी आपलाच निळा फलक.

फलकाचा निकाल असा लागला. त्या हुशार पोरानेच नवं चित्र केलं. महाडची रांग. पुढे बाबासाहेब कोटात, इतर माणसांएवढ्याच उंचीचे. मागे माणसं, बाया, डोक्यावर पागोटी, पदर. रांगेच्या शेवटी त्याने हंडा घेतलेली एक कातकरी बाई काढली, हल्लीच्या साडीत. कुणीतरी म्हणालं, ही महाडला कुठे होती? तो म्हणाला, "नव्हती. आता येतेय."

काहींना ते चित्र आवडलं नाही. दंड बारीक दिसतात म्हणाले. त्यांचंही मत वहीत लिहून घेतलंय. गठ्ठा सध्या धसईला आहे, तिथून टोकावड्याला जाईल. ज्याला हवा त्याने मागून घ्यावा. वही सोबत आहे, शेवटची तीस पानं कोरी आहेत. मत लिहा. चित्र येत असेल तर चित्र काढा. आणि काढताना आधी पहाऱ्यावरच्या माणसाला नाव द्या.

जय भीम.